विश्लेषण : बल्बवरचा ‘वॅट’ नेमके काय सांगतो? उजेड, उष्णता की विजेचे बिल?

दिवाळीत कागदी आकाशकंदिलात साठ वॅटचा बल्ब सोडला की दोन-तीन रात्रींत कागद तपकिरी पडायचा. कधी त्याला भोकही पडायचे. आज त्याच कंदिलात नऊ वॅटचा एलईडी लावला तर उजेड तितकाच किंवा थोडा जास्त पडतो आणि कागद जसाच्या तसा राहतो. पण हाच बदल परसात कोंबडीची पिल्ले वाढवणाऱ्याने केला तर त्याची पंचाईत होते. टोपल्याखालचा पिवळा बल्ब काढून एलईडी लावला की उजेड लख्ख पडतो, मात्र पिल्ले गारठून एकमेकांच्या अंगावर चढू लागतात. एका ठिकाणी जो बदल सोयीचा, तोच दुसऱ्या ठिकाणी घातक ठरतो. याचे उत्तर बल्बवर छापलेल्या एका छोट्या आकड्यात आहे. वॅटचा आकडा उजेडाचा आहे असे आपण पिढ्यान्‌पिढ्या समजत आलो; प्रत्यक्षात तो तसा नाही.

वॅट म्हणजे काय?

वॅट हे शक्तीचे एकक आहे. एखादे उपकरण दर सेकंदाला किती ऊर्जा घेते, ते वॅटमध्ये सांगतात. दर सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा घेतली तर ती एक वॅट. वाफेच्या इंजिनात मोठी सुधारणा करणारे जेम्स वॅट यांचे नाव या एककाला दिले आहे. म्हणजे ६० वॅटचा बल्ब दर सेकंदाला ६० ज्यूल ऊर्जा विजेच्या तारेतून घेतो. त्या ऊर्जेचे तो पुढे काय करतो, याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. २,००० वॅटचा गिझर अजिबात उजेड देत नाही, तरीही त्यावर वॅटच लिहिलेले असते.

विजेच्या बिलातले ‘युनिट’ याच वॅटवरून येते. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट पडते. त्यामुळे ६० वॅटचा बल्ब साडेसोळा तासांहून थोडा अधिक वेळ जळला की एक युनिट होते, तर नऊ वॅटच्या बल्बला त्यासाठी सुमारे १११ तास लागतात. थोडक्यात, वॅट हा खर्चाचा आकडा आहे. त्या खर्चातून उजेड किती मिळाला, हा वेगळा हिशेब.

मग उजेड कशात मोजतात?

बल्बमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ‘लुमेन’मध्ये मोजतात. लुमेन ठरवताना माणसाच्या डोळ्याचा विचार केलेला असतो. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश सर्वाधिक जाणवतो, लाल आणि जांभळा कमी, तर अवरक्त किरण मुळीच दिसत नाहीत. म्हणून बल्बमधून कितीही ऊर्जा बाहेर पडली, तरी जी डोळ्याला दिसत नाही ती लुमेनमध्ये धरली जात नाही.

एका वॅटमागे किती लुमेन मिळतात, यावर दिव्याची गुणवत्ता ठरते. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या विजेवर ढोबळ चित्र असे आहे :

– जुना पिवळा बल्ब, ६० वॅट : सुमारे ७०० लुमेन
– जुना पिवळा बल्ब, १०० वॅट : सुमारे १,३०० ते १,४०० लुमेन
– सीएफएल, १४-१५ वॅट : सुमारे ८०० लुमेन
– एलईडी, ९ वॅट : सुमारे ८०० ते ९०० लुमेन

म्हणजे जुन्या बल्बमध्ये एका वॅटला जेमतेम १२-१३ लुमेन मिळत, सीएफएलमध्ये ५५-६० आणि आजच्या एलईडीमध्ये ९०-१०० किंवा त्याहून जास्त. घरोघरी एकाच प्रकारचे बल्ब होते तोवर ‘शंभराचा बल्ब म्हणजे जास्त उजेड’ हे समीकरण चालून गेले. प्रकार बदलले आणि ते मोडले.

जुना बल्ब इतका तापायचा का?

तापणे हेच त्याचे काम होते म्हणून. जुन्या बल्बमध्ये टंगस्टन धातूची केसासारखी बारीक तार असते. वीज तिच्यातून गेली की ती सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तापल्यामुळे उजळते. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आठवावे. आधी ते काळेच दिसते, पण जवळ हात नेला तर झळ लागते. मग ते लाल होते, आणखी तापले की केशरी, मग पिवळे. म्हणजे तापलेली वस्तू आधी उष्णता फेकते आणि उजेड नंतर देते. तार अडीच हजार अंशांवर असतानाही तिच्या किरणांतला बहुतांश भाग अवरक्त, म्हणजे न दिसणारा, असतो. शंभर वॅटपैकी जेमतेम पाच ते दहा वॅट दिसणाऱ्या प्रकाशात येतात. बाकीचे सगळे उष्णतेत जातात.

तार आणखी तापवली तर उजेडाचा वाटा वाढेल, हे खरे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश तापलेला असतो आणि त्याच्या किरणांत दिसणाऱ्या प्रकाशाचा वाटा कितीतरी मोठा असतो. पण टंगस्टन ३,४२२ अंशांना वितळते. त्याच्या जवळ गेले की तारेची भराभर झीज होते आणि बल्ब लवकर उडतो. त्यामुळे उत्पादकांना उजेड आणि आयुष्य यांत कुठेतरी मधला मार्ग काढावा लागला.

मोठ्या वॅटच्या बल्बची जाड तार थोडी अधिक तापवता येते. म्हणून साठचे दोन बल्ब लावले तर १२० वॅट वीज जाते, पण उजेड शंभराच्या एकाच बल्बच्या जवळपास पडतो. जुन्या बल्बमध्येही वॅट आणि उजेड यांचे प्रमाण सरळ नव्हते ते असे.

व्होल्टेज उतरले की बल्ब लालसर का व्हायचा?

संध्याकाळी गावात सगळीकडे दिवे लागले, शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज उतरते. अशा वेळी जुना बल्ब मिणमिणता आणि लालसर होई. हा अनुभव वॅट, उष्णता आणि उजेड यांचे नाते उलगडून दाखवतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर बल्ब घेत असलेली वीज साधारण एक तृतीयांशाने कमी होते. उजेड मात्र निम्म्याहून खाली येतो. कारण तार थंडावली की तिच्या किरणांतला दिसणारा भाग सर्वांत आधी घटतो. उष्णता बऱ्यापैकी टिकून राहते आणि उजेड हरवतो.

चांगल्या एलईडी बल्बमध्ये हे होत नाही. त्याच्या आत छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. बाहेरचे व्होल्टेज एका मर्यादेत खाली-वर झाले तरी हे सर्किट आतल्या दिव्याला ठरावीक प्रवाह पुरवत राहते. म्हणून कमी दाबाच्या विजेवरही त्याचा उजेड सहसा स्थिर राहतो.

एलईडीला कमी वॅटमध्ये जमते कसे?

एलईडी प्रकाश देण्यासाठी तापत नाही. त्यात अर्धवाहक पदार्थाचा बारीकसा तुकडा, म्हणजे चिप असते. तिच्यातून वीज जाताना इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर उतरतात आणि मधला फरक प्रकाशाच्या रूपात बाहेर पडतो. हा प्रकाश ठरावीक रंगाचा असतो. घरच्या बल्बमध्ये ती चिप निळा प्रकाश देते. तिच्यावरच्या पिवळ्या लेपावर, म्हणजे फॉस्फरवर, हा प्रकाश पडला की त्यातला काही भाग पिवळ्या-तांबूस रंगांत बदलतो आणि एकत्र मिळून आपल्याला पांढरा उजेड दिसतो. न दिसणाऱ्या अवरक्त किरणांवर ऊर्जा उधळली जात नाही, हाच सगळा फायदा.

लाल आणि हिरवे एलईडी कित्येक दशके उपलब्ध होते. अडत होते ते निळ्यापाशी. १९९०च्या दशकात तो प्रश्न सुटला. त्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर काही महिन्यांतच, ५ जानेवारी २०१५ रोजी भारतात ‘उजाला’ योजना सुरू झाली. या योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. मोठ्या प्रमाणावर खरेदी झाल्याने किंमत झपाट्याने उतरली आणि पिवळा बल्ब हळूहळू दुकानाच्या मागच्या फळीवर गेला.

म्हणजे एलईडी तापत नाही का?

तापतो. नऊ वॅटच्या एलईडीमध्ये साधारण एक तृतीयांश ऊर्जा उजेडात जाते आणि बाकीची सहा वॅटच्या आसपास उष्णता होते. फरक दोन गोष्टींत आहे. पहिली, सहा वॅट उष्णता ही साठच्या बल्बमधल्या पन्नासहून अधिक वॅटच्या तुलनेत फारच थोडी. दुसरी, ती बाहेर पडते वेगळ्या वाटेने. जुन्या बल्बची उष्णता किरणांतून समोर येते; म्हणून हात जवळ नेताच झळ लागते आणि काचेचे तापमान १०० अंशांच्या वर जाते. एलईडीची उष्णता चिपच्या मागच्या बाजूने बल्बच्या मानेकडे जाते. पुढचा पांढरा गोळा कोमट आणि मान गरम, असे म्हणूनच जाणवते.

ही उष्णता बाहेर निघणे एलईडीसाठी अत्यंत गरजेचे असते. जुन्या तारेला अडीच हजार अंश सहन होत. एलईडीची चिप आणि तिचे सर्किट मात्र शंभर अंशांच्या आसपासही थकू लागतात. पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात किंवा छतातल्या हवा न खेळणाऱ्या खोबणीत साधा एलईडी बल्ब लावला तर तो लिहिलेल्या आयुष्याच्या कितीतरी आधी लुकलुकायला लागतो. दोष अनेकदा बल्बचा नसतो, कोंडलेल्या उष्णतेचा असतो.

आणखी एक मुद्दा. कोणत्याही दिव्याचा उजेड भिंती, पडदे, फरशी शोषून घेतात आणि शेवटी त्याचीही उष्णताच होते. म्हणून बंद खोलीत ६० वॅटचा दिवा लावला तर खोलीत पूर्ण ६० वॅट उष्णतेची भर पडते. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. एखाद्या दुकानात साठचे दहा दिवे असतील, तर ते सहा जादा माणसे सतत बसवून ठेवल्यासारखे आहे. वातानुकूलन यंत्र असेल तर ती उष्णता बाहेर काढायला वीज पुन्हा लागते.

होल्डरवर ‘कमाल ६० वॅट’ का लिहितात?

टेबल लॅम्प, झुंबर किंवा भिंतीवरच्या दिव्याच्या होल्डरवर असा मजकूर असतो. तो उजेडासाठी नाही, उष्णतेसाठी आहे. त्या होल्डरचे प्लास्टिक, आतली वायर आणि वरची शेड किती वॅटची उष्णता सहन करू शकते, ते त्यात सांगितलेले असते. अशा ठिकाणी शंभराचा जुना बल्ब लावला तर वायरचे आवरण कडक होऊन तडकते, होल्डर काळा पडतो आणि शॉर्टसर्किटचा धोका वाढतो.

ही मर्यादा प्रत्यक्ष वॅटची आहे. एलईडीच्या खोक्यावर ‘१०० वॅटच्या तोडीचा’ असे लिहिलेले असले तरी तो प्रत्यक्षात १२ ते १५ वॅटच घेत असेल, तर उष्णतेच्या दृष्टीने तो ६० वॅटच्या होल्डरमध्ये चालतो. आकाशकंदिलाचेही तसेच. कागद, कापड, थर्माकोल यांच्या कंदिलात कमी वॅटचा एलईडीच योग्य. मात्र धोका केवळ बल्बचा नसतो. स्वस्त होल्डर, सैल जोडणी आणि उघड्यावर पावसात भिजणारी वायर असेल, तर एलईडी लावूनही कंदील सुरक्षित होत नाही.

पण उष्णताच हवी असेल तर?

इथे सगळे गणित उलटते. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी कमी करत नेतात. त्यासाठी पिल्लामागे दोन वॅट, असा ढोबळ नियम कुक्कुटपालनात चालत आला आहे. म्हणजे शंभर पिल्लांना २०० वॅट. हा नियम जुन्या पिवळ्या बल्बच्या काळातला आहे आणि त्यात वॅट म्हणजे उष्णताच धरलेली आहे.

शंभराच्या दोन बल्बच्या जागी ‘शंभराच्या तोडीचे’ दोन एलईडी लावले तर उजेड तेवढाच राहतो. उष्णता मात्र २०० वॅटवरून २५-३० वॅटवर येते. एलईडीने २०० वॅट उष्णता मिळवायची तर नऊ वॅटचे बावीस बल्ब लागतील, आणि तरीही जुन्या बल्बसारखी थेट अंगावर पडणारी ऊब मिळणार नाही. म्हणून आता ब्रूडरसाठी उष्णतेचे खास अवरक्त दिवे, विजेची हीटर कॉइल किंवा गॅसचे ब्रूडर वापरले जातात. ऊब पुरेशी आहे का, हे पिल्लेच सांगतात. दिव्याखाली गर्दी करून चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे, दूर कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर जास्त होते आहे, आणि सगळीकडे सारखी पसरली असतील तर ठीक आहे.

ज्या उष्णतेमुळे पिल्ले वाचतात, त्याच उष्णतेने भाताचा तूस पेटूही शकतो. म्हणून असे दिवे साखळीने पक्के टांगावेत आणि तुसापासून पुरेशा उंचीवर ठेवावेत. नुसत्या वायरवर लोंबकळता बल्ब सोडू नये.

घरगुती अंडी उबवणी पेटीतही हीच अडचण येते. तिथे सुमारे साडेसदतीस अंश तापमान एकवीस दिवस टिकवायचे असते. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी येऊ नये म्हणून कॅमेऱ्याच्या कपाटात कमी वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवण्याची पद्धतही याच कारणाने आली. या सर्व ठिकाणी बल्ब हा दिवा नसून छोटा हीटर असतो. तो बदलताना लुमेन नव्हे, वॅट जुळवावे लागतात.

‘झिरो’चा बल्ब खरेच शून्य वॅटचा असतो?

नाही. रात्रभर लावून ठेवायचा जुना ‘झिरो’चा बल्ब सुमारे १२ ते १५ वॅट वीज घेतो. तो बोटाने सहज धरता येत नाही इतका तापतो, यातच सगळे आले. १५ वॅटचा असा बल्ब रोज रात्री दहा तास जळला तर महिन्याला साडेचार युनिट होतात. नऊ वॅटचा एलईडी रोज पाच तास जळला तर महिन्याला १.३५ युनिट. म्हणजे ‘झिरो’चा मिणमिणता बल्ब दिवाणखान्यातल्या मुख्य दिव्याच्या तिपटीहून अधिक वीज खातो. त्याऐवजी अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प लावला तर महिन्याचा खर्च ०.१५ युनिटवर येतो.

मुख्य दिव्याचा हिशेबही असाच. साठचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट होतात. युनिटचा दर आठ रुपये धरला तर ७२ रुपये. तेवढाच उजेड देणाऱ्या नऊ वॅटच्या एलईडीला त्याच दराने अकरा रुपयांहूनही कमी लागतात. वर्षाला एका बल्बमागे सातशे रुपयांहून अधिक वाचतात, आणि घरात असे चार बल्ब असतील तर जवळपास तीन हजार.

बल्ब घेताना काय पाहावे?

सर्वांत आधी लुमेन पाहावेत. ‘९ वॅट’ लिहिलेल्या दोन बल्बपैकी एक ७०० आणि दुसरा ९०० लुमेन देत असेल, तर बिल सारखेच येईल, पण उजेडात फरक पडेल. खोक्यावर लुमेन लिहिलेलेच नसतील तर तो बल्ब न घेतलेला बरा. सोबत बीआयएसचे चिन्ह आणि ऊर्जा कार्यक्षमतेचे तारांकन तपासावे. जास्त तारे म्हणजे त्याच वॅटमध्ये जास्त उजेड.

खोक्यावर ‘२७०० के’ किंवा ‘६५०० के’ असा आकडाही असतो. तो बल्ब किती तापेल हे सांगत नाही. उजेडाचा रंग सांगतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, तर ६५०० म्हणजे निळसर पांढरा. ‘वॉर्म’ लिहिलेला बल्ब जास्त गरम होतो आणि ‘कूल’ लिहिलेला थंड राहतो, असे नाही. आयुष्याचा आकडाही नीट समजून घ्यावा. एलईडी सहसा एकदम उडत नाही, तर हळूहळू मंदावतो. उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर आला की त्याचे उपयोगी आयुष्य संपले, असे साधारणपणे मानतात.

तेव्हा बल्बच्या खोक्यावरचे आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. उजेड किती, हे लुमेन सांगतात. बिल किती आणि उष्णता किती, हे वॅट सांगतात. अभ्यासाच्या टेबलासाठी पहिला आकडा पाहावा, आकाशकंदिलासाठी दोन्ही पाहावेत, आणि पिल्लांच्या टोपल्यावर दिवा टांगताना मात्र दुसरा.